गप्प राहायचा नियम

माझा धाकटा भाऊ बोलताना अडखळतो. हे आधीच सांगून टाकते, कारण लोक त्याच्याबद्दल बाकी सगळं सांगून झालं की शेवटी आवाज खाली करून हेच सांगतात, त्याने दरोडा घातल्यासारखं. अडखळतो तर अडखळतो. पहिलं अक्षर घशात अडतं, मान जराशी डावीकडे वळते, डोळे मिटतात आणि मग शब्द येतो. येतोच. न आलेला शब्द मी अजून पाहिलेला नाही. पण तेवढं थांबणं लोकांच्या जिवावर येतं. मग ते आपल्या पदरचा एखादा शब्द त्याच्या तोंडात कोंबतात आणि वर उपकार केल्यासारखं हसतात.

असं हसणाऱ्यांचा मला राग येतो. येतो म्हणजे तळपायाची आग मस्तकात जाते. धाकट्याला येत नाही. आमच्या घरात रागाची वाटणी करताना काहीतरी गफलत झाली असणार, कारण त्याच्या वाटचाही माझ्याकडेच आलाय.

लहानपणी आई त्याला कोपऱ्यावरच्या दुकानात साखर आणायला पाठवायची. हा "सा... सा..." म्हणेपर्यंत दुकानदार साबणाची वडी कागदात गुंडाळून पुढे करायचा. आणि हा मान डोलवायचा. घेऊन यायचा साबण. आमच्याकडे चहा बिनसाखरेचा आणि न्हाणीघरात मात्र साबणाची चळत. एकदा माझं डोकं फिरलं. तरातरा गेले आणि भर दुकानात विचारलं, "काका, तुमचे कान कुठे गहाण टाकलेत का?" त्याने आईकडे तक्रार केली की तुमची मुलगी फार तोंडाळ आहे. आईने त्याच्यादेखत मला रागावून घेतलं आणि तो गेल्यावर मला एक लाडू दिला.

आई पडदे आणि गाद्यांच्या खोळी शिवायची. दिवसभर मशीन खडखडत असायचं. पण धाकटा काही सांगायला लागला की तिचा पायडलवरचा पाय थांबायचा. ती सुई वर करायची आणि त्याच्याकडे बघत बसायची. त्याच्याआधी एक अक्षर तिने कधी उच्चारलं नाही. मला हे तिच्याकडून घ्यायला हवं होतं, पण माझं तोंड आधी चालतं आणि डोकं मागून येतं. धाकट्याला कुणी काही बोललं की मी पदर खोचून तयार.

कॉलेजच्या प्रवेशाच्या खिडकीवर मी त्याच्याबरोबर होते. आतल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "विषय?" हा म्हणाला, "सं... सं..." कारकुनाने शिक्का मारला. "संगणक. चला, पुढचा." त्या वर्षी रांगेतला जो तो संगणकच म्हणत होता, त्यामुळे त्या माणसाला दुसरा शब्द सुचलाच नाही. धाकट्याला संगीत म्हणायचं होतं. गाताना तो अडखळत नाही, हे शेजारपाजारच्यांनासुद्धा ठाऊक आहे. मी म्हटलं, परत जा आणि सांग त्याला. धाकट्याने मागची रांग बघितली, घाम पुसला आणि म्हणाला, "चालेल." चालेल हा शब्द त्याला कधीच अडत नाही. इतका सराव झालाय त्याचा.

त्यातून एक बरं निघालं. संगणक वाट बघतो. कर्सर लुकलुकत उभा राहतो, पण तोंड उचकटून मधे बोलत नाही. धाकटा तिथे रमला. गाणं मागे पडलं, अंघोळीपुरतं उरलं. पुढे मी ज्या कंपनीत तपासणीचं काम करत होते तिथेच तोही लागला. आमची कंपनी यंत्रं चालवणारे प्रोग्राम लिहून देते. लिफ्ट, क्रेन, कारखान्यातले सरकते पट्टे, असं. आणि नशिबाची थट्टा बघा, त्याला काम मिळालं ते दुसऱ्यांची अर्धवट वाक्यं पुरी करण्याचं.

म्हणजे काय, ते सांगते. मोबाइलवर अर्धा शब्द टाइप केला की पुढचा सुचतो ना, तसंच प्रोग्राम लिहिणाऱ्याला लिहिता लिहिता सुचवायचं. पटलं तर त्याने टॅबचं बटण दाबायचं, की शब्द जागेवर बसला. हे जमायला आधी लिहिलेल्या कोडचे बारीक तुकडे करावे लागतात. एक नाव, एक कंस, एक अधिकचं चिन्ह, एक आकडा. या प्रत्येक तुकड्याला टोकन म्हणतात. कुठल्या टोकनच्या मागून कुठलं येतं, किती वेळा येतं, कुठलं नाव कुठल्या कामाला वापरलंय, हे सगळं तपासून पुढचं टोकन ओळखायचं. पुरा लिहून झालेला कोड वाचणं सोपं आहे. पण सुचवायची वेळ येते तेव्हा तो कधीच पुरा नसतो. कंस उघडा, ओळ अधांतरी, उरलेलं अजून लिहिणाऱ्याच्या मनात. भाषेचे नियम लावून कोड वाचणारी यंत्रणा अशा जागी हात वर करते आणि "ओळ चुकली आहे" असं तांबड्या अक्षरांत सांगते.

"चुकलेली नाहीये," धाकटा मला एकदा जेवणाच्या सुट्टीत म्हणाला. "अजून सं... संपली नाहीये."

म्हणून त्याने नियमांचा नाद सोडला आणि नुसत्या टोकनांवरून चालणारी यंत्रणा बांधली. कर्सरच्या मागे जे काही लिहून झालंय तेवढंच ती बघते. आणि तिच्यात त्याने एक नियम घातला. दोन नावं तुल्यबळ वाटली, किंवा आसपासची टोकनं नेहमीपेक्षा निराळी दिसली, तर काही म्हणजे काहीच सुचवायचं नाही. गप्प राहायचं. लिहिणाऱ्याला लिहू द्यायचं. हा नियम बसवायला त्याला पहिल्या सगळ्या कामापेक्षा जास्त वेळ लागला, कारण कधी बोलावं हे कुणीही शिकवतं, कधी बोलू नये हे शिकवायला कुणाकडे काही मालमसाला नसतो.

मी ती यंत्रणा तपासायचे. प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचं आणि काय सुचतंय, ते काय घेतात, काय पुसतात, ते बघायचं. सांगते ते तो माझा भाऊ म्हणून नाही. कमी बोलायची, पण बोलली की नेमकी बोलायची. लोक तिच्यावर विसंबायला लागले होते.

मग आमच्या विभागाला नवे साहेब आले. त्यांना मी मनातल्या मनात घाईसाहेब म्हणायचे, आणि थोड्याच दिवसांत सगळा मजलाच म्हणायला लागला, त्यात माझा काही दोष नाही. घाईसाहेब जिन्यावरून उतरताना फोनवर बोलायचे, बोलताना टाइप करायचे आणि टाइप करताना समोरच्याला "हं, पुढे, पुढे" म्हणायचे. आल्याबरोबर त्यांनी भिंतीवर एक मोठा पडदा लावला. त्यावर दिवसभरात किती सूचना लोकांनी स्वीकारल्या त्याचा आलेख. रेघ वर गेली की साहेबांचा चेहरा उजळायचा. धाकट्याची यंत्रणा गप्प राहिली की ते त्या हिशेबात अपयश धरलं जायचं. ऑफिसात धाकट्याला कुणीतरी 'बफरिंग' असं नाव ठेवलं होतं. साहेबांनी ते दुसऱ्याच दिवशी उचललं आणि तोंडावर हाक मारायला सुरुवात केली. धाकटा हसला. मी त्या संध्याकाळी घरी पोळ्या लाटताना लाटण्याचे दोन तुकडे करणार होते.

साहेबांनी यंत्रणेची परीक्षाही घेतली. कशी, तर लिहून पूर्ण झालेल्या जुन्या फाइली घेतल्या, मधलं एकेक टोकन झाकलं आणि यंत्रणेला ओळखायला लावलं. गप्प राहायचा नियम काढून टाकला तर बरोबर उत्तरं खूपच वाढत होती. वाढणारच. पुऱ्या फाइलीत आजूबाजूचा सगळा मजकूर हजर असतो आणि जे नाव सगळ्यात जास्त वेळा येतं तेच बहुतेक ठिकाणी बरोबर ठरतं. माणूस लिहीत असतो तेव्हा त्यातलं अर्धं अजून जगात आलेलंच नसतं. ही अशी चूक आमच्या धंद्यातलीच माणसं करू शकतात. भाकरी भाजून झाल्यावर तिला बघून, पीठ मळताना पाणी किती घालायचं हे ठरवण्यातला प्रकार.

बैठक बोलावली. लांबट खोली, काचेचं दार, मधोमध टेबल, आणि साहेब उभेच. त्यांनी आलेख दाखवला आणि विचारलं, "हा गप्प राहण्याचा नियम काढून टाकू या. कुणाला काही म्हणायचंय?"

धाकट्याने हात वर केला. मान वळली, डोळे मिटले. "नियम का... काढला तर..."

"तर स्वीकार दुपटीने वाढतील," साहेब म्हणाले. "अगदी बरोबर. बघा, बनवणाराच सांगतोय."

सगळे हसले. कुणीतरी टाळी वाजवली. धाकट्याचं तोंड अजून उघडंच होतं, उरलेलं वाक्य आत होतं. मी माझ्या जागेवरून बघत होते. त्याने तोंड मिटलं आणि मान डोलवली.

बाहेर आल्यावर मी त्याला धरलं. "तुला काय म्हणायचं होतं?"

त्याने सांगितलं. नियम काढला तर चुकीची सूचनासुद्धा बरोबर सूचनेइतकीच खात्रीची दिसेल, आणि घेणाऱ्याला कळणारच नाही की आपण चूक घेतली.

"मग जा आणि सांग."

"चालेल, ताई. राहू दे."

"काय चालेल? काय राहू दे? मी सांगते त्यांना जाऊन."

तो नको म्हणाला. मी ऐकणारी थोडीच. मी रीतसर तक्रार नोंदवली, उदाहरणं जोडली, चार ओळी तिखट लिहिल्या. साहेबांनी ती त्याच दिवशी बंद केली. शेरा मारला, 'सूचना घ्यायची की नाही हा वापरणाऱ्याचा प्रश्न.' धाकट्याने हुकुमाप्रमाणे नियम काढला. भिंतीवरची रेघ वर चढली. साहेबांनी सगळ्यांना केक खिलवला. मी तो कचऱ्याच्या डब्यात टाकला, आणि डब्याचं झाकण जरा जोरातच लावलं.

आमच्याकडे तेव्हा एक मुलगी नव्याने लागली होती. सगळे तिला नवीच म्हणायचे. हुशार, कामसू, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा. तिच्याकडे एका लिफ्टच्या कंपनीचं काम होतं. एक नवं हॉस्पिटल उभं राहत होतं, त्यातल्या लिफ्टला दोन दारं होती. पुढचं माणसांसाठी, मागचं स्ट्रेचरसाठी. मागच्या दारापाशी लिफ्ट थांबली असताना ते दार बंद झालंय का हे बघितल्याशिवाय लिफ्ट हलता कामा नये, एवढा साधा भाग नवी लिहीत होती. आमच्याकडे आजवर लिहिलेल्या बहुतेक सगळ्या लिफ्ट एकाच दाराच्या. जुन्या कोडमध्ये जिथे तिथे पुढचंच दार. नवीने ओळ सुरू केली, 'दार' एवढं लिहिलं आणि यंत्रणेने छातीठोकपणे पुढच्या दाराचं नाव सुचवलं. आसपासची टोकनं निराळी होती. पूर्वीचा नियम असता तर यंत्रणा तिथे गप्प बसली असती. नवीने टॅब दाबला. अख्खा दिवस ती टॅब दाबत होती आणि अख्खा दिवस ते बरोबर येत होतं. मग हेच एक चुकेल असं तिला का वाटेल?

आमच्या टेबलावर चाचणीसाठी लिफ्टचा जो नमुना असतो, त्याला एकच दार होतं. तिथे सगळं नीट चाललं.

हॉस्पिटलात लिफ्ट कंपनीचा मेकॅनिक मागच्या दाराची जोडणी करत होता. एक पाय लिफ्टमध्ये, एक बाहेरच्या फरशीवर. दार उघडं असताना लिफ्टची वीजच तोडणारा तारांचा जो वेगळा बंदोबस्त असतो तो अजून जोडायचा होता, त्यासाठीच तर तो तिथे होता. वरच्या मजल्यावरून कुणीतरी बटण दाबलं. पुढचं दार बंद होतं. प्रोग्रामने बघितलं, बंद आहे, आणि लिफ्ट हलली. मेकॅनिकने अंग बाहेर टाकलं म्हणून जीव वाचला. उजव्या पावलाची बोटं गेली.

ही बातमी आमच्या मजल्यावर आली तेव्हा पहिला प्रश्न कुणी विचारला असेल, तर "कोड कुणी लिहिला?" हा. तासाभरात नवीचं नाव सापडलं. साहेबांनी तिला काचेच्या खोलीत बोलावलं. ती बाहेर आली तेव्हा तिचा चष्मा हातात होता. दुसऱ्या दिवशी लिफ्ट कंपनीबरोबर बैठक होती, तिच्यात खुलासा द्यायचा आणि नवीला घरी बसवायचं, असं ठरलं होतं. तिच्यावर असा शिक्का बसला असता तर यंत्रांच्या कामात तिला पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं. पंचविशीही न ओलांडलेली मुलगी. मला इतका संताप आला की जिना उतरताना कठड्याला धरून उभी राहिले.

घरी धाकटा जेवला नाही. मी त्याच्यावर ओरडले. म्हटलं, उद्या तू मूग गिळून बसलास तर माझ्याशी बोलू नकोस. म्हटलं, नाहीतर असं कर, तू बसून राहा, मी बोलते, मी एकेकाची अशी हजेरी घेते की बघत राहतील. तो पाण्याचा तांब्या हातात धरून माझं सगळं ऐकत राहिला. आई म्हणाली, "पुरे आता," आणि ते मला होतं.

बैठकीला लिफ्ट कंपनीतून एक बाई आल्या होत्या. पन्नाशीच्या, आखूड केस, पायात जाड तळव्याचे बूट. सुरक्षेचं काम त्यांच्याकडे होतं. यंत्रणा बनवणारा आणि तपासणारी दोघंही हवीत असं त्यांनीच कळवलं होतं, नाहीतर साहेबांनी आम्हाला दारातही उभं केलं नसतं. नवी एका टोकाला बसली होती, पर्स मांडीवर, निघायच्या तयारीत.

साहेबांनी सुरुवात केली. आमचं साधन फक्त सुचवतं. निवड माणसाची असते. संबंधित मुलीने न वाचता बटण दाबलं. तिला आम्ही कामावरून कमी करतोय. यापुढे सगळ्यांना शिकवणी देऊ. एका दमात झालं सगळं. शेवटी त्यांनी घड्याळ बघितलं.

"तिची चू... चू..." धाकटा म्हणाला.

"तिची चूक आहे, तेच म्हणतोय मी," साहेब बाईंकडे वळून म्हणाले. "याला जरा बोलायला त्रास होतो. मी सांगतो तो काय म्हणतोय ते."

झालं. मी खुर्ची मागे ढकलून उभी राहिले. माझ्या जिभेवर काय काय होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पहिला शब्द ओठांपर्यंत आला होता.

"ताई." धाकट्याने माझ्याकडे बघितलं. "ब... बस."

असं बजावून त्याने मला आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं. मी बसले. टेबलाखाली माझ्या मुठी वळलेल्या होत्या, आणि मी त्या तशाच ठेवल्या.

लिफ्टवाल्या बाईंनी पेन खाली ठेवलं आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. साहेबांनी एकदा तोंड उघडलं, तर बाईंनी त्यांच्याकडे न बघताच हात आडवा केला. मग खोलीत फक्त धाकटा बोलत होता. मधे मधे नुसतीच शांतता, त्याचा अडलेला श्वास, आणि परत शब्द. किती वेळ लागला मला माहीत नाही. ते सगळे थांबे काढून मी इथे लिहिते आहे, पण खोलीत ते होते, आणि एकाही थांब्यात कुणी काही कोंबलं नाही.

तो म्हणाला, "तिची चूक नाही. अशा जागी गप्प राहायचा नियम होता. तो मी काढला. काढू नका म्हणायला मी याच खोलीत तोंड उघडलं होतं. साहेबांनी माझं वाक्य पुरं केलं. ते माझं नव्हतं, पण मी मान डोलवली. मला सवय आहे. दुसऱ्याने घातलेलं वाक्य उपटून काढायला जितका त्रास होतो, त्यापेक्षा मान डोलवणं स्वस्त पडतं. मी लहानपणापासून तेच करतोय. तिनेही तेच केलं. दिवसभर बरोबर सुचवणाऱ्याला एकदा नाही म्हणणं किती अवघड असतं, हे मला कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला नसतं कळलं तरी मला. म्हणून तर तो नियम मी घातला होता."

मला रडू येईल असं वाटलं होतं. नाही आलं. मला नुसता राग येत होता, त्या दुकानदाराचा, त्या खिडकीतल्या कारकुनाचा, साहेबांचा, टाळी वाजवणाऱ्याचा. आणि धाकट्याचाही आला, खोटं कशाला सांगू. इतकी वर्षं हे सगळं आत ठेवून हा माणूस 'चालेल' म्हणत फिरत होता.

साहेब म्हणाले, "पण हे तू तेव्हाच सांगायला हवं होतंस ना."

"ते सांगत होते," बाई म्हणाल्या. मग त्यांनी नवीकडे बोट दाखवलं. "आमच्या कामावर ही मुलगी राहणार असेल तरच आमचं काम तुमच्याकडे राहील. घाबरलेली माणसं दुसऱ्यांदा दार बघतात."

साहेबांचा चेहरा पडला. ते म्हणाले, अर्थातच, अर्थातच, कमी करण्याचा प्रश्नच नव्हता, नुसती चर्चा चालली होती. नवीने पर्स मांडीवरून काढून खाली ठेवली. मला साहेबांच्या त्या 'अर्थातच'वर खुर्ची फेकावीशी वाटली.

मग बाईंनी धाकट्याला विचारलं, "तो नियम परत घालणार?"

"घालणार, आजच घालणार," साहेब म्हणाले.

"मी यांना विचारलंय."

धाकट्याची मान वळली. डोळे मिटले. खोलीतला प्रत्येक जण मनातल्या मनात 'हो' म्हणून बसला होता. मीसुद्धा. दुसरं काय उत्तर असणार होतं? नवीचे ओठ तर हललेसुद्धा.

"आ... आधी," तो म्हणाला, आणि परत अडला, आणि परत सुरू झाला. "आधी मला त्या मेकॅनिकला भेटायचंय. त्यांचं नाव काय?"

साहेबांना माहीत नव्हतं. नवीला माहीत नव्हतं. मला माहीत नव्हतं. बातमी आल्यापासून मी नवीसाठी भांडत होते, धाकट्यासाठी भांडत होते, साहेबांच्या नावाने बोटं मोडत होते, आणि ज्याच्या पावलाची बोटं गेली त्याचं नाव एकदाही विचारलं नव्हतं. बाईंनी नाव सांगितलं, वॉर्ड सांगितला. धाकट्याने ते नाव हळूच एकदा म्हणून बघितलं. पहिलं अक्षर अवघड होतं. त्याने ते दोनदा म्हटलं.

त्याला शहरातल्या एका जुन्या हॉस्पिटलात ठेवलं होतं, तिथे मी बरोबर गेले. वॉर्डात शेवटच्या खाटेवर तो माणूस बसला होता, पांढरं बँडेज बांधलेला पाय उशीवर, शेजारी त्याची बायको मोसंबी सोलत होती. त्याने आमच्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुम्ही कोण?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. मी ते गिळलं, बाहेर आले आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसले. आतून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग धाकट्याचा आवाज आला.